मूत्रपिंडातील गाठ आणि रक्तदाबाचे कोडे

रक्तदाब हा शब्द आता केवळ वैद्यांचा राहिलेला नाही. बाजारात, प्रवासात, लग्नाच्या मांडवात तो सर्रास कानी पडतो. घरातील वडीलधारी माणसे ‘मला बीपी आहे’ असे जवळजवळ सहजपणे सांगतात व सकाळच्या चहाबरोबर एक गोळी घेऊन आपल्या कामाला लागतात. वाढत्या वयाबरोबर येणारा, कोणत्याही एका कारणाकडे बोट दाखविता येणार नाही असा हा विकार होय, अशी आपली समजूत आहे; आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ती खरीही आहे. वय, आनुवंशिकता, मीठ, स्थूलता, तंबाखू, मद्य, बैठे जीवन अशी अनेक कारणे तेथे एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की त्यांतील एकास वेगळे काढणे शक्य होत नाही.

परंतु थोड्या रुग्णांत चित्र निराळे असते. विशीतला तरुण किंवा नुकतीच संसाराला लागलेली मुलगी डोके दुखते म्हणून दवाखान्यात येते आणि रक्तदाब मोजू जावे तर पारा दोनशेच्या पलीकडे! घराण्यात कोणास हा विकार नाही, अंगावर चरबी नाही, व्यसन नाही. अशा वेळी ‘हे आले कोठून?’ हा प्रश्न विचारणे वैद्याचे कर्तव्यच ठरते. क्वचित, फार क्वचित, या प्रश्नाचे उत्तर मूत्रपिंडात दडलेल्या बोराएवढ्या एका गाठीत सापडते. ती गाठ काढली की रक्तदाब उतरतो आणि जन्मभर औषधे घेण्याची शिक्षा झालेला रुग्ण मोकळा होतो.

या गाठीची ओळख वैद्यकशास्त्राला कशी पटली, हा आजच्या भाषणाचा विषय. इतक्या दुर्मीळ रोगाचा इतिहास सर्वसामान्य माणसाने का ऐकावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्या प्रश्नातून ही गाठ सापडली तो प्रश्न दुर्मीळ नाही. तो तालुक्याच्या प्रत्येक गावात रोज विचारावयास हवा आणि नेमका तेथेच तो विचारला जात नाही.

रक्ताला दाब असतो हे प्रथम मोजून दाखविले ते एका धर्मोपदेशकाने. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत नळी बसवून तिला काचेची उंच नळी जोडली, तेव्हा रक्त त्या नळीत आठ फुटांहूनही वर चढले. १७३३ साली त्यांनी हे प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पण जिवंत माणसाच्या धमनीत नळी खुपसून त्याच्या रोगाचे निदान करणे कोणास शक्य होते? त्यामुळे पुढील शंभर वर्षे हे ज्ञान पुस्तकातच राहिले.

लंडनमधील गाय्ज रुग्णालयाचे रिचर्ड ब्राइट यांच्या हाती दाब मोजण्याचे साधन नव्हते. होती ती केवळ तीक्ष्ण दृष्टी. अंगावर सूज आलेल्या आणि लघवीत अल्ब्युमिन जाणाऱ्या रुग्णांची मूत्रपिंडे मृत्यूनंतर तपासली तर ती आकसलेली व खडबडीत आढळतात, हे त्यांनी १८२७ साली दाखवून दिले. पुढे १८३६ साली त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदविली. अशा पुष्कळ रुग्णांचे हृदयही मोठे व जाड झालेले असते. मूत्रपिंड आणि हृदय यांत एवढे अंतर. मग एकाच्या रोगाने दुसऱ्याने का सुजावे? रक्तदाबाच्या इतिहासातील मूळ कोडे ते हेच. मूत्रपिंड बिघडल्याने दाब वाढतो, की दाब वाढल्याने मूत्रपिंड बिघडते?

या कोड्याची दुसरी बाजू ज्याने पाहिली, त्याचे नाव ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. फ्रेडरिक अकबर महोमेद हे ते नाव. त्यांचे आजोबा शेख दीन महंमद हे मूळचे पाटण्याचे. १७५९ साली जन्मलेले हे गृहस्थ कंपनी सरकारच्या सैन्याबरोबर हिंडले, मग आयर्लंडमध्ये स्थायिक झाले. १७९४ साली त्यांनी आपला प्रवासवृत्तांत इंग्रजीत प्रसिद्ध केला. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक मानतात. अखेरीस ब्रायटन येथे त्यांनी वाफेची स्नाने व अंगमर्दन यांचा व्यवसाय थाटला आणि इंग्लंडच्या राजांपर्यंत त्यांची कीर्ती गेली. त्यांचा हा नातू १८४९ साली जन्मला आणि ब्राइट यांच्याच गाय्ज रुग्णालयात वैद्यक शिकला. मनगटावरील नाडीची उसळी कागदावर रेषेच्या रूपाने उमटविणारे एक यंत्र त्या काळी होते. महोमेद यांनी ते सुधारले आणि रुग्णामागून रुग्णाच्या नाडीची रेषा काढली. तेव्हा त्यांस असे दिसले की, लघवीत कोणताही दोष नसलेल्या, वरवर धडधाकट अशा माणसांतही नाडीचा ताण वाढलेला असू शकतो. म्हणजे दाब आधी, मूत्रपिंडाचा बिघाड मागाहून, असाही क्रम संभवतो. आज ज्याला आपण विनाकारण उद्भवणारा रक्तदाब म्हणतो, त्याची ही पहिली स्पष्ट ओळख होय. महोमेद १८८४ साली विषमज्वराने वारले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पस्तीस वर्षांचे होते.

नाडीच्या रेषेवरून ताणाचा अंदाज येई, पण आकडा मिळत नसे. तो मिळवून दिला इटलीतील शिपिओने रीवा-रोच्ची यांनी. दंडाभोवती रबरी पट्टा बांधून, त्यात हवा भरून पाऱ्याची उंची पाहण्याची युक्ती त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध केली. नऊ वर्षांनी, १९०५ साली, रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील तरुण शल्यवैद्य निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखाली नळी लावून धमनीतील ध्वनी ऐकण्याची रीत सांगितली. वरचा आकडा आणि खालचा आकडा असे जे आपण म्हणतो, ते या दोघांच्या कल्पनांच्या संयोगातून आलेले आहे. खेड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा दोन मिनिटांत होणारी ही तपासणी मानवजातीला अवघी सव्वाशे वर्षे ठाऊक आहे.

पट्टा आणि पारा तयार होत होते त्याच सुमारास स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत एक निराळाच प्रयोग चालला होता. फिनलंडमध्ये जन्मलेले शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट टिगरश्टेट व त्यांचे शिष्य पेर बेर्गमान यांनी सशाचे मूत्रपिंड कुटून त्याचा अर्क काढला आणि तो दुसऱ्या सशाच्या नीलेत टोचला. सशाचा रक्तदाब चढला. मूत्रपिंड केवळ रक्त गाळणारी चाळण नसून दाब वाढविणारा एक पदार्थही रक्तात सोडू शकते, असा याचा अर्थ होता. त्या पदार्थाला त्यांनी रेनिन हे नाव दिले. १८९८ साली हा निबंध छापला गेला. पण इतरांच्या प्रयोगशाळांत हाच परिणाम खात्रीने दाखविता येईना, दोन वर्षांत टिगरश्टेट हेल्सिंकीला निघून गेले, आणि रेनिन हा शब्द सुमारे पस्तीस वर्षे विस्मृतीत पडला. सत्य सापडणे निराळे आणि ते स्वीकारले जाणे निराळे, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

त्या शब्दाला पुन्हा जाग आणली हॅरी गोल्डब्लाट या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने. क्लीव्हलंड येथे त्यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीवर चांदीचा छोटा चिमटा बसविला. धमनी पूर्ण बंद करावयाची नाही, फक्त आवळावयाची. रक्ताचा पुरवठा असा कमी होताच कुत्र्यांचा रक्तदाब चढला आणि चढलेलाच राहिला. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने ब्राइट यांच्या कोड्याचा अर्धा भाग सुटला; मूत्रपिंड खरोखरच रक्तदाब वाढवू शकते, हे निर्विवाद झाले. त्यानंतर १९३९-४० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेत ब्वेनोस आयरेस येथे ब्राऊन-मेनेंदेझ व त्यांचे सहकारी, आणि उत्तर अमेरिकेत इंडियानापोलिस येथे अर्व्हिन पेज व त्यांचे सहकारी, या दोन्ही मंडळींनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच शोध लावला. रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आवळीत नाही; ते रक्तातील एका प्रथिनाचे विघटन करते आणि त्यातून जो तुकडा निघतो तो रक्तवाहिन्या आवळतो. दोघांनी त्यास दोन नावे ठेवली. अखेर १९५८ साली तडजोड होऊन दोन्ही नावांतील अर्धा अर्धा भाग घेऊन अँजिओटेन्सिन हे नाव ठरले.

ही यंत्रणा समजून घेण्यासाठी आपल्या शेतातील दृष्टांत घेऊ. धरणाच्या कालव्यावर पाटकरी असतो. पाटात पाणी कमी आले की तो वर निरोप धाडतो आणि वरून पाणी वाढवून मिळते. प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे दहा लाख सूक्ष्म गुच्छ आहेत. प्रत्येक गुच्छाच्या तोंडाशी, आत येणाऱ्या बारीक धमनीच्या भिंतीत, काही विशेष पेशी असतात. त्या या पाटकऱ्याप्रमाणे होत. रक्ताचा जोर कमी पडला की त्या रेनिन सोडतात. रेनिनपासून, फुप्फुसांत मुबलक असणाऱ्या एका पाचक द्रव्याच्या साह्याने, अँजिओटेन्सिन सिद्ध होते. त्याने शरीरभरच्या बारीक धमन्या आवळतात; शिवाय मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरोन नावाचा स्राव सुटतो, तो शरीरात मीठ व पाणी राखतो आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर घालवितो. रक्तस्राव झालेल्या माणसाचा जीव वाचविणारी ही योजना आहे. गोल्डब्लाट यांच्या कुत्र्यांत पाटच आवळला गेला होता. पाटकऱ्याने पाणी मागितले यात त्याचा दोष नव्हता. पण पाटात पाणी भरपूर वाहत असताना पाटकरीच भ्रमिष्ट होऊन रात्रंदिवस ‘पाणी सोडा’ म्हणून ओरडू लागला तर? शरीरात असे घडू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर मिळावयास आणखी तेहतीस वर्षे जावी लागली.

मधल्या काळात एक दुःखद अध्याय घडला. गोल्डब्लाट यांच्या प्रयोगाने हर्षभरित झालेल्या शल्यवैद्यांनी, रक्तदाब असलेल्या रुग्णाचे एक मूत्रपिंड जरासे लहान किंवा रोगट दिसले की ते काढून टाकण्याचा सपाटा लावला. काही रुग्ण बरे झाले. त्यांच्या कथा छापून आल्या. न्यूयॉर्कचे होमर स्मिथ यांनी अशा शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. त्यांच्या १९५६ च्या लेखात दिसून आले की, ज्यांचे मूत्रपिंड काढले त्यांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याचा रक्तदाब खऱ्या अर्थाने उतरला होता. उरलेल्यांनी एक अवयव गमावला आणि रोग मात्र जवळच राहिला. कारण शोधणे निराळे आणि कारण सापडले असे मानून चालणे निराळे. हा धडा महाग पडला, परंतु त्यानंतर चाकू हाती घेण्यापूर्वी पुरावा मागण्याची शिस्त आली.

औषधांच्या बाजूने पाहिले तर त्या काळची असहायता ध्यानी येते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वारले. त्या दुपारी त्यांच्या वैद्याने नोंदविलेला रक्तदाब ३०० वर १९० असा होता. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला त्या वेळी मीठ कमी करणे, विश्रांती आणि हृदयाची जुनी औषधे यांपलीकडे देण्यासारखे फारसे काही नव्हते.

या अंधारात एक दिवा आपल्या देशात लागला होता, आणि त्याचा प्रकाश मुंबईहून जगभर गेला, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने स्मरावी अशी आहे. सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यांस पुरातन काळापासून ठाऊक होती. १९३१ साली दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्यातील द्रव्ये वेगळी केली, आणि त्याच साली कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरील गुण नोंदविला. परंतु हे वृत्त देशाबाहेर फारसे पोचले नाही. मुंबईच्या परळ भागातील किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवर या औषधाचा काळजीपूर्वक प्रयोग केला आणि १९४९ साली तो निबंध ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात छापून आणला. तेथून तो अमेरिकेपर्यंत पोचला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतील मुख्य द्रव्य, रेसरपिन, शुद्ध स्वरूपात काढले. वकील यांस १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक व १९५८ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. रेसरपिनने मन खिन्न होते असे पुढे दिसून आले आणि त्याची जागा इतर औषधांनी घेतली. तथापि रक्तदाब औषधाने उतरविता येतो हा विश्वास जगाला ज्या थोड्या औषधांनी दिला, त्यांत सर्पगंधेचे नाव अग्रभागी राहील.

वकील यांनी आपल्या प्रयोगासाठी रुग्ण निवडले ते विशिष्ट कारण न सापडणाऱ्या रक्तदाबाचे. अशी निवड करावयाची म्हणजे ज्यांच्या रक्तदाबास कारण आहे त्यांस आधी ओळखून वेगळे काढावे लागते. ‘उतार पाडा’ आणि ‘कारण शोधा’ या दोन आज्ञा एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. चांगला वैद्य दोन्ही पाळतो.

कारण शोधणाऱ्यांना पहिले यश मूत्रपिंडाच्या शेजारी मिळाले. अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात आणि तिच्या आसपास क्वचित एक गाठ होते. तिच्यातून मधूनमधून स्राव सुटतो व त्याबरोबर रक्तदाबाचे झटके येतात. छाती धडधडते, घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो. अशी गाठ काढून रुग्णास वाचविण्याचा मान १९२६ साली दोघांना मिळाला: स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सेझार रू यांना, आणि अमेरिकेतील रॉचेस्टर येथे चार्ल्स मेयो यांना. मेयो यांची रुग्ण कॅनडातून आलेली एक धर्मभगिनी होती. अशा झटक्यांस मनाची दुर्बलता समजण्याची चूक सहज होते, विशेषतः रुग्ण स्त्री असेल तर; आणि येथे तर पोट उघडेपर्यंत गाठीचे स्वरूप खुद्द मेयो यांसही ठाऊक नव्हते. पुढे १९५५ साली मिशिगन विद्यापीठातील जेरोम कॉन यांनी त्याच ग्रंथीच्या बाह्य थरातील दुसऱ्या एका गाठीचे वर्णन केले. तिच्यातून अल्डोस्टेरोन वाहते. रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते, स्नायूंतील शक्ती जाते. गाठ काढल्यावर त्यांची चौतीस वर्षांची रुग्ण सुधारली.

कॉन यांच्या शोधानंतर वैद्य रक्तातील पोटॅशियमकडे लक्ष देऊ लागले. आणि तेव्हा असे काही तरुण रुग्ण पुढे आले की ज्यांचा रक्तदाब भयंकर, पोटॅशियम कमी, अल्डोस्टेरोन वाढलेले, पण अधिवृक्क ग्रंथीत गाठ मात्र नाही. मग या ग्रंथीला चेतविणारा कोण? पाटकरी पेशींकडे आता बोट जाऊ लागले. या पेशी १९२५ साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या होत्या, आणि बेल्जममधील घेंट येथील नोर्बर्ट गोर्माख्टिख यांनी त्या स्राव सोडीत असाव्यात असे मतही मांडले होते. १९६७ साली इंग्लंडमधील रॉबर्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात आपल्या रुग्णाची हकीगत छापली. मूत्रपिंडातील एक छोटी गाठ काढल्यानंतर त्याचा रक्तदाब उतरला होता, आणि त्या गाठीच्या अर्कात विपुल रेनिन सापडले होते. दुसऱ्याच वर्षी, १९६८ साली, जपानमधील किहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तशाच एका गाठीचे वर्णन करून, ती गुच्छालगतच्या त्या पाटकरी पेशींपासूनच उत्पन्न होते असे प्रतिपादले आणि तिला त्या पेशींचेच नाव द्यावे असे सुचविले. आज व्यवहारात तिला ‘रेनिनोमा’ म्हणतात. भ्रमिष्ट पाटकरी सापडला होता! टिगरश्टेट यांच्या सशापासून येथपर्यंत यावयास एकोणसत्तर वर्षे लागली.

ही गाठ बहुधा तीन सेंटिमीटरांहूनही लहान असते. ती वीस ते चाळीस वयाच्या माणसांत, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते. डोके दुखणे, मळमळ, दृष्टी अंधूक होणे, वारंवार तहान व लघवी, हातापायांत अशक्तपणा ही तिची लक्षणे. बहुतेक गाठी सौम्य असतात; शरीरभर पसरत नाहीत. म्हणजे कर्करोगासारखी ती मारत नाही. ती मारते ती चढवून ठेवलेल्या दाबाने. मेंदूतील रक्तस्रावाने किंवा थकलेल्या हृदयाने. गर्भवती स्त्रीस तर तिच्यामुळे दोन जिवांचा धोका. जगभरच्या नियतकालिकांत नोंदले गेलेले असे रुग्ण काही शेकड्यांच्या पुढे जात नाहीत. रक्तातील रेनिन व पोटॅशियम मोजून संशय येतो आणि सिटी स्कॅनसारख्या छायाचित्रणाने गाठ दिसते. पूर्वी सबंध मूत्रपिंड काढीत; आता पुष्कळदा केवळ गाठ काढून मूत्रपिंड राखता येते. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचा रक्तदाब पूर्वपदावर येतो. जेथे फार वर्षे गेलेली असतात तेथे धमन्या जाड झालेल्या असतात आणि काही औषध पुढेही लागू शकते. विलंबाची किंमत ती हीच.

मूत्रपिंडाच्या इतर गाठीही कधीकधी रेनिन सोडतात. लहान मुलांत होणारी जी गाठ जर्मन शल्यवैद्य माक्स विल्म्स यांच्या नावाने ओळखली जाते, तिच्यात काही मुलांचा रक्तदाब चढलेला असतो. मुलास आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटात गोळा लागतो आणि रोग उघडकीस येतो, असे अनेकदा घडते. म्हणून मुलाच्या पोटातील गोळ्याकडे ‘वायुगोळा असेल’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर तरुण वयातील तीव्र रक्तदाबामागे गाठीपेक्षा कितीतरी अधिक वेळा मूत्रपिंडाचे जुने आजार किंवा मूत्रपिंडाची आवळलेली धमनी सापडते. धमन्यांच्या भिंतीस सूज येऊन त्या अरुंद करणारा एक विकार आहे. १९०८ साली जपानमधील नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतील त्याच्या खुणा वर्णिल्या, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. भारतातील तरुण रुग्णांत मूत्रपिंडाची धमनी आवळण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. गोल्डब्लाट यांचा चांदीचा चिमटा येथे रोगानेच बसविलेला असतो. त्याचा संशय घेण्यास मोठे यंत्र लागत नाही. दोन्ही मनगटांची नाडी एकाच वेळी पाहावी आणि दोन्ही दंडांचा दाब मोजावा. दोहोंत मोठा फरक आढळला किंवा एक नाडी लागेना, तर तेवढ्यावरून वाट सापडू शकते.

या सर्व संशोधनाचा लाभ केवळ दुर्मीळ रोग्यांस झाला असे मात्र नाही. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करीत असता सेर्जिओ फेरेरा यांस १९६५ साली जे द्रव्य सापडले, ते अँजिओटेन्सिन निर्माण होण्याचा मार्ग रोखणारे आहे असे पुढे कळले. त्या धाग्यावरून अमेरिकेतील औषधशास्त्रज्ञांनी कॅप्टोप्रिल ही गोळी तयार केली व १९८१ साली तेथे तिला मान्यता मिळाली. तिच्या कुळातील गोळ्या आज आपल्या तालुक्याच्या दुकानात मिळतात. जो शेजारी सकाळच्या चहाबरोबर गोळी घेतो, त्याच्या त्या गोळीतही सशाच्या मूत्रपिंडाचा तो जुना अर्क या ना त्या रूपाने कदाचित उपस्थित आहे. मात्र या कुळातील गोळ्या गर्भवती स्त्रीस वर्ज्य आहेत, हे ध्यानी ठेवावे.

आता शेवटी आपल्या गावाकडे वळू. आळंदसारखे सीमेवरचे गाव दोन भाषांत जगते. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात व १९७३ पासून कर्नाटक या नावाच्या राज्यात आला. आजारी माणूस कलबुर्गीस जातो किंवा भाषेच्या व नात्यागोत्याच्या ओढीने सोलापूर गाठतो. दोन्ही शहरांत १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालये आहेत; म्हणजे ज्या दशकात ती गाठ सापडली, त्याच दशकात आपल्या दोन्ही हातांशी मोठे वैद्यक येऊन उभे राहिले. तरीही मुलीचे डोके दुखू लागले की ‘लग्नाची काळजी घेतली असेल’, ‘परीक्षेचा ताण असेल’, ‘पित्त असेल’ असे म्हणून आपण मोकळे होतो. वर्गात डोके धरून बसणारा विद्यार्थी आम्हां शिक्षकांस नित्य दिसतो आणि आम्ही त्यास पाणी पाजून बाकावर निजवितो. शंभरांतील नव्याण्णव वेळा तेवढे पुरेही होते. पण शंभराव्या वेळेसाठी दंडाला एकदा पट्टा बांधून पाहावयास काय हरकत आहे?

यासाठी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. तरुण माणसाची डोकेदुखी वारंवार होत असेल तर त्याचा रक्तदाब मोजून घ्यावा. मुलाच्या दंडाला मुलाच्याच मापाचा पट्टा हवा; नाहीतर आकडा चुकतो. एका मोजणीवर भिऊ नये आणि एका मोजणीवर निर्धास्तही होऊ नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. तिशीच्या आत रक्तदाब फार चढलेला असेल, तीन औषधे घेऊनही उतरत नसेल, किंवा पोटॅशियम कमी झालेले असेल, तर ‘याचे कारण काय असावे?’ हा प्रश्न नम्रतेने पण स्पष्टपणे डॉक्टरांस विचारावा. तपासाचा कागद जपून ठेवावा. कलबुर्गीचा कागद सोलापुरात आणि सोलापूरचा कलबुर्गीत नेता येतो, रोगास राज्याची सीमा नसते. आणि कारणाचा शोध चालू असताना चालू गोळी आपल्या मनाने मुळीच बंद करू नये.

आपल्यापैकी फार थोड्यांना आयुष्यात असा रुग्ण दिसेल. पण दोन मिनिटांच्या मोजणीत सापडणारा रक्तदाब न मोजल्यामुळे गेलेली तरुण माणसे मात्र प्रत्येक गावात आहेत. ‘एकाएकी डोक्यात कळ आली आणि गेली’ एवढेच त्यांच्याविषयी सांगितले जाते. ब्राइट यांनी मेलेल्या माणसांच्या देहांत ते कोडे वाचले, कारण जिवंत माणसाचा दाब मोजण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. आपल्याजवळ ते आहे. त्याचा उपयोग न करण्यास आता कोणतीही सबब उरलेली नाही.